लाल दिवा लुकलुकायला लागला की…

१९६६ साली जपानी टीव्हीवर एक चाळीस मीटर उंचीचा, रुपेरी-लाल हीरो अवतरला. ताकद अफाट, पण टिकायची जेमतेम तीन मिनिटं! ती संपत आली की छातीवरचा दिवा लुकलुकायला लागायचा. लहान मुलांची मालिका म्हणून मी हसत हसत बघायला घेतली, आणि एका रात्री तिनेच मला जागं केलं.

टोकियोतली माझी पहिली सकाळ. एप्रिल २०१७. पुण्याहून दीड वर्षाच्या प्रोजेक्टवर आले होते. हातात लॅपटॉपची बॅग, पोटात गोळा आणि डोक्यात जपानी व्याकरण. खोली मिळाली होती सेतागाया भागात, ओदाक्यू लाइनवरच्या सोशिगाया-ओकुरा स्टेशनजवळ. गल्लीतून स्टेशनकडे वळले आणि थबकलेच. समोर चौथऱ्यावर एक पुतळा. कुणी सरदार नाही, कवी नाही, पंतप्रधान तर नाहीच. अंड्यासारखे डोळे, डोक्यावर मधोमध उभी कड, अंगभर वळणदार पट्टे. आजूबाजूच्या बाजारपेठेलाही त्याचंच नाव, रस्त्यावरच्या दिव्यांनाही त्याचंच रूप. स्टेशनात गाडी येताना वाजते ती धूनसुद्धा त्याच्या मालिकेची!

‘‘हा कोण?’’ असं मी ऑफिसात गेल्या गेल्या आमच्या बुचो-सानना विचारलं. (बुचो म्हणजे डिपार्टमेंटचे प्रमुख. तिथे नावापेक्षा हुद्द्यानेच हाक मारतात.) अठ्ठावन्न वर्षांचे, राखाडी सूट, राखाडी केस, बोलणं मोजकं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, ‘‘उरुतोरामान. तुम्हाला माहीत नाही?’’ सुरात इतकी काळजी होती, की मला पासपोर्ट हरवल्यासारखं वाटलं.

माझा सुपरहीरो शक्तिमान. रविवारी दुपारी टीव्हीसमोर जेवणाचं ताट घेऊन बसणाऱ्या पिढीतली मी. गंगाधरचा शक्तिमान होतो तसा यांचा हायाता अल्ट्रामॅन होतो, एवढं कळल्यावर म्हटलं, चला, ओळखीचं प्रकरण आहे. पण तसं ते नव्हतं.

रविवार, संध्याकाळी सात

दुसऱ्या आठवड्यात बुचो-साननी माझ्या टेबलावर डीव्हीडीचा एक जाडजूड संच ठेवला. ‘‘जपानी भाषा सुधारेल,’’ एवढंच म्हणाले. खरं कारण वेगळं होतं, ते मला पुढे एका जेवणात कळलं.

‘अल्ट्रामॅन’ १७ जुलै १९६६ ते ९ एप्रिल १९६७ या काळात टीबीएस वाहिनीवर दर रविवारी संध्याकाळी सात वाजता लागायची. एकूण ३९ भाग. त्याच वर्षी जानेवारी ते जुलै ‘अल्ट्रा क्यू’ ही तिची थोरली बहीण येऊन गेली होती. ती कृष्णधवल. तिच्यात राक्षस होते, पण त्यांना भिडणारा महाकाय हीरो नव्हता. ‘अल्ट्रामॅन’ मात्र रंगीत, आणि त्यात राक्षसाच्या मापाचा हीरो. प्रेक्षकसंख्येचा सरासरी आकडा ३६.८ टक्क्यांचा, आणि एका भागाने तर ४२.८ टक्क्यांपर्यंत उडी मारली. रविवारी सातला गल्ल्या ओस पडायच्या म्हणे. आपल्याकडे ‘रामायण’च्या वेळी व्हायचं तसंच काहीसं.

बुचो-सान तेव्हा सात वर्षांचे. वडील कारखान्यात. देश झपाट्याने श्रीमंत होत होता आणि त्याचा हिशेब वडिलांच्या झोपेतून वळता होत होता. मुलगा उठायच्या आत ते कामावर, मुलगा झोपल्यावर घरी. भेट फक्त रविवारी. ‘‘सात वाजता आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो,’’ बुचो-सान म्हणाले. ‘‘बाबा बहुतेक वेळा राक्षस यायच्या आतच झोपायचे. पण बसायचे माझ्या शेजारीच.’’

आणि गंमत ऐका. त्या काळी रंगीत टीव्ही फारच थोड्या घरांत. यांचाही टीव्ही काळा-पांढराच. त्यामुळे अल्ट्रामॅन लाल असतो हे त्यांना कळलं ते मासिकातल्या चित्रावरून. छातीवरचा दिवा, ज्याला ‘कलर टायमर’ म्हणतात, तो निळ्याचा लाल होतो म्हणजे शक्ती संपत आली. पण करड्या पडद्यावर निळं काय नि लाल काय! तो लुकलुकायचा आणि ‘पिको पिको’ वाजायचा, म्हणून समजायचं. ‘‘तो आवाज आला की बाबा दचकून जागे व्हायचे,’’ बुचो-सान हसले. ‘‘त्यांना कारखान्याचा भोंगा वाटायचा.’’

रबराच्या आतला माणूस

गोष्ट तशी सोपी. सायन्स पेट्रोल नावाचं पाच जणांचं पथक आहे. त्यातल्या हायाताच्या विमानाला एक लाल गोळा धडकतो आणि हायाता मरतो. त्या गोळ्यात असतो एम-७८ तेजोमेघातून आलेला एक परग्रहवासी, पळालेल्या राक्षसाचा पाठलाग करणारा. आपल्या हातून एक निरपराध जीव गेला, म्हणून तो स्वतःचा जीव हायाताबरोबर वाटून घेतो. इथून पुढे संकट आलं की हायाता खिशातली बीटा कॅप्सूल वर धरणार, आणि अल्ट्रामॅन उभा राहणार. थोडक्यात, या हीरोची सुरुवात पराक्रमाने होत नाही. एका अपघाताच्या भरपाईने होते. मला हे फार आवडलं.

यामागचे कर्तेधर्ते एजी त्सुबुराया. जन्म १९०१, गाव फुकुशिमातलं सुकागावा. लहानपणी विमानाचं वेड, पण पायलट व्हायचं राहिलं आणि गाडी सिनेमाकडे वळली. १९४२ मध्ये त्यांनी पर्ल हार्बरचा हल्ला छोट्या प्रतिकृती वापरून पडद्यावर उभा केला. युद्धानंतर अशा युद्धपटांपायीच त्यांच्यावर काम गमावण्याची पाळी आली. मग १९५४ मध्ये ‘गॉडझिला’. त्यातलं उद्ध्वस्त टोकियो त्यांच्याच हातचं. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली ती याच सेतागाया भागात, आणि राहायचेही सोशिगायातच. म्हणून माझ्या स्टेशनाबाहेर तो पुतळा!

कॉम्प्युटर नव्हते. रबरी पोशाखात माणूस, गुडघ्याएवढ्या इमारती आणि वेगाने फिरवलेला कॅमेरा. कॅमेरा जोरात फिरवून टिपलेलं दृश्य नेहमीच्या वेगाने दाखवलं की सगळं संथ दिसतं, आणि संथ पडणारी वस्तू डोळ्यांना अवजड वाटते. बस्स, एवढ्यावर ३५ हजार टनांचा अल्ट्रामॅन तयार.

त्याचं रूप घडवलं तोरु नारिता या शिल्पकाराने. त्यांना हवी होती निव्वळ साधी, स्वच्छ आकृती. ओठांवर जुन्या ग्रीक मूर्तींसारखं न कळणारं हसू. छातीवरचा दिवा त्यांच्या कल्पनेत नव्हताच. तो नंतर चिकटवला गेला आणि त्यांना तो शेवटपर्यंत खटकत राहिला. राक्षस काढतानाही त्यांचे नियम होते. नुसता मोठा केलेला प्राणी नको, आणि चिरफाड झालेलं, रक्तबंबाळ शरीर तर नकोच. मुलांना घाबरवायचं, पण किळस आणायची नाही. २००२ मध्ये नारिता गेले. त्यांची मूळ चित्रं आज आओमोरीच्या कलासंग्रहालयात आहेत.

आणि पोशाखाच्या आत कोण? बिन फुरुया. उंच, लांब हातापायांचा तरुण नट. नारितांना तोच हवा होता. नटाला काय हवं असतं? चेहरा दिसायला. इथे तोच झाकलेला! आत श्वास धड घेता येत नाही, समोरचं नीट दिसत नाही, भोवती स्फोट. कंटाळून एक दिवस ‘बास, सोडतो’ असं सांगायला ते बसने स्टुडिओकडे निघाले. वाटेत बसमध्ये काही पोरं चढली आणि तावातावाने अल्ट्रामॅनबद्दल बोलायला लागली. त्या पोरांचे डोळे बघून फुरुयांनी राजीनामा गिळला. ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अल्ट्रासेव्हन’मध्ये त्यांना चेहऱ्यासकट भूमिका मिळाली, हे वाचून मला घरचं कुणी प्रमोट झाल्यासारखा आनंद झाला.

राक्षसाचीही एक बाजू असते

पहिले चार-पाच भाग मी इस्त्री करता करता बघितले. मग इस्त्री बाजूला राहायला लागली.

दुसऱ्याच भागात बाल्टान येतो. खेकड्यासारखे पंजे, भीतीदायक हसू. पण तो आलाय कशासाठी? त्याचा ग्रह अणुचाचण्यांच्या वेडापायी नष्ट झालाय. दोन अब्जांवर निर्वासित सूक्ष्म करून त्याने यानात ठेवलेत, आणि त्यांना राहायला जागा हवी आहे. आता सांगा, हा व्हिलन की आणखी काही?

या मालिकेच्या लेखनाची सूत्रं होती तेत्सुओ किंजो यांच्याकडे. ओकिनावात वाढलेला पोरगेला लेखक, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. युद्धात ओकिनावाची राखरांगोळी झाली, त्यांच्या आईचा पाय त्यातच गेला. १९७२ पर्यंत ते बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं. म्हणजे तिथून टोकियोला शिकायला यायचं तरी प्रवासाची परवानगी काढून यायचं! आपल्याच देशात पाहुणा. अशा माणसाने लिहिलेला परग्रहवासी निव्वळ मारून टाकण्याजोगा कसा असेल? किंजो १९६९ मध्ये ओकिनावाला परतले आणि १९७६ मध्ये अपघातात गेले, वयाच्या ३७ व्या वर्षी.

पण मला खरा धक्का दिला तो तेविसाव्या भागाने. लेखक मामोरु सासाकी, दिग्दर्शक अकिओ जिस्सोजी. जामिला हा एक अंतराळवीर. यान भरकटून तो पाणी नसलेल्या ग्रहावर अडकला. त्याच्या देशाने बदनामी नको म्हणून त्याला शोधायचं सोडून प्रकरण दाबून टाकलं. तिथल्या हवापाण्याने त्याचा राक्षस झाला, आणि तो परत आला. पथकाला हुकूम येतो, की तो माणूस होता हे विसरा, राक्षस म्हणून संपवा. त्याला मारणारी गोष्ट कोणती, तर पाणी. ज्याच्यासाठी तो वर्षानुवर्षं तडफडला तेच. चिखलात लोळत, तान्ह्या बाळासारखा रडत तो मरतो. शेवटी त्याच्या नावाची पाटी लागते. विज्ञानासाठी झटला, वगैरे छान छान शब्दांची. पथकातला इदे ती पाटी बघून म्हणतो, की बळी गेलेल्यांचं हे नेहमीचंच. शब्द तेवढे सुंदर असतात.

रात्रीचे दीड वाजले होते. मी तशीच बसून राहिले. लहान मुलांची मालिका म्हणे!

दादा फोन उचलत नाही

आता थोडं आमच्या राक्षसाबद्दल.

क्लायंटची वीस वर्षं जुनी बिलिंग सिस्टीम काढून नवी बसवायची, असं आमचं काम. सगळा डेटा जुन्यातून नव्यात एका रात्रीत न्यायचा. तारीख ठरली जून २०१८ मधल्या एका शनिवारची. आमच्या टीमची भिस्त होती पुण्यातल्या एका सीनियरवर. सगळे त्याला दादाच म्हणायचे. वय छत्तीस. डेटा बदलणारे प्रोग्रॅम त्याचेच, खाचाखोचा त्यालाच ठाऊक. काही अडलं की आम्ही एकच करायचो, दादाला फोन. रात्री दोन वाजता, गणपतीत, त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला. आणि तो उचलायचा. ‘‘बघतो गं, तू काळजी करू नकोस.’’ तीन मिनिटांत राक्षस आडवा. आम्ही टाळ्या वाजवून झोपायला मोकळे.

त्या आधीचे अकरा वीकेंड तो सलग कामावर होता. व्हिडिओ कॉलवर त्याचा चेहरा मला ओढलेला दिसला होता. मी काय विचारलं? ‘‘दादा, स्क्रिप्टचं फायनल व्हर्जन कधी देतोस?’’

शनिवारी रात्री अकराला डेटा भरायला सुरुवात केली. साडेबाराला स्क्रीन लाल. काही हजार ग्राहकांच्या नोंदी नवी सिस्टीम घ्यायलाच तयार नाही. सोमवारी सकाळी यांची बिलं निघणार होती! टोकियोत रात्रीचा एक म्हणजे पुण्यात साडेनऊ. मी दादाला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. परत. मी सतरा वेळा फोन लावला. नंतर मोजले, म्हणून आकडा पाठ आहे.

अठराव्या वेळी वहिनींनी उचलला. आवाज सपाट. ‘‘तो अॅडमिट आहे. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं. आता आत घेतलंय. तुमचं काही महत्त्वाचं होतं का?’’

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, मला आजही माहीत नाही.

बुचो-सान कोपऱ्यात बसून होते. मी त्यांना सांगितलं. खरं तर रडत होते. म्हटलं, ‘‘तोच नाही तर आता हे होणार नाही. आपण उगाच बसलोय.’’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, ‘‘सदतिसावा भाग बघितलात?’’

मी अवाक. या वेळी? पण बघितला होता. इदे हा पथकातला शस्त्रं बनवणारा, विनोदी गडी. सदतिसाव्या भागात तो खचतो. आपण कितीही धडपडलो तरी शेवटी अल्ट्रामॅनच येऊन जिंकणार, मग आपण हवेत कशाला? राक्षस अंगावर येतो तेव्हाही तो अल्ट्रामॅनचाच धावा करतो. शेजारी हायाता असतो, पण तो कॅप्सूल वर धरत नाही. मग छोटासा पिग्मॉन, राक्षसांच्या जातीतला पण माणसांचा मित्र, मध्ये धावतो आणि जीव गमावतो. तेव्हा कुठे इदे आपलं हत्यार उचलतो.

‘‘दादा-सान लवकर बरे होवोत,’’ बुचो-सान म्हणाले. ‘‘आता नाकारलेल्या नोंदींची यादी छापा. कागदावर.’’

आम्ही चौघं होतो. मी, नागपूरचा एक ज्युनियर, क्लायंटकडची टेस्टिंग करणारी मुलगी आणि बुचो-सान. ज्युनियरने यादी आडनावांप्रमाणे लावली. टेस्टिंगवाली बोट फिरवत नावं वाचत गेली आणि एकदम थांबली. ‘‘हे सगळे ताकाहाशी आहेत. पण शिडीवाले ताकाहाशी!’’ त्याचं असं आहे, की ‘ताका’ हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहितात. दुसऱ्या तऱ्हेत मधला भाग शिडीसारखा दिसतो. जुन्या सिस्टीमच्या अक्षरसंचात ते शिडीवालं अक्षर होतं. नव्यात डेटा भरताना आम्ही जो संच निवडला होता, त्यात ते नव्हतंच. म्हणून बिचारे शिडीवाले ताकाहाशी दाराबाहेर! त्यांच्याबरोबर असेच वेगळ्या अक्षरांचे आणखी काही. बदल म्हणाल तर एका सेटिंगचा. पण तो शोधायला चार डोकी आणि साडेतीन तास लागले. पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी शेवटची नोंद आत गेली. बुचो-साननी आणलेले ओनिगिरी आम्ही कीबोर्डवरच खाल्ले.

दादाला स्टेंट बसला. तो वाचला.

झेटननंतर

पुढच्या रविवारी शेवटचा भाग लावला. मालिका गाजत असतानाच थांबली ती लोक कंटाळले म्हणून नाही, तर शूटिंग वेळेत पुरं होईना म्हणून. डेडलाइनचा लाल दिवा त्यांच्याही छातीवर होताच की!

त्या भागात झेटन नावाचा राक्षस अल्ट्रामॅनला हरवतो. खरोखर हरवतो. त्याचा हुकमी किरण शोषून घेतो, उलट त्याच्या छातीवरच्या दिव्यावरच घाव घालतो, आणि चाळीस मीटरचा तो देह कोसळतो. १९६७ च्या एप्रिलमध्ये आठ वर्षांचे होत आलेले बुचो-सान हे बघून उठून उभे राहिले होते. झेटनला संपवतं कोण? सायन्स पेट्रोल. साधी माणसं, नुकत्याच तयार झालेल्या एका छोट्याशा अस्त्राने. मग अल्ट्रामॅनला न्यायला त्याच्या ग्रहावरून झोफी येतो. त्याचं म्हणणं एवढंच, की पृथ्वीची शांतता माणसांनी स्वतःच्या हातांनी मिळवली तरच तिला अर्थ. अल्ट्रामॅन म्हणतो, माझा जीव हायाताला द्या. पण झोफीने दोन जीव आणलेले असतात. हायाता उठतो. त्याला यातलं काही आठवत नाही. आकाशात एक लाल ठिपका लांब जातो.

मी आधी ही गोष्ट ‘टीमवर्क’ म्हणून डोक्यात बसवली होती. आमच्या ट्रेनिंगमध्ये दाखवतात तसल्या स्लाइडसारखी. पण खरी बोच दुसरीच होती. त्या रात्री आम्ही चौघांनी जे केलं, ते आधीच्या अकरा वीकेंडपैकी कितीतरी वेळा करू शकलो असतो. केलं नाही, कारण दादा होता. त्याचा दिवा लुकलुकत होता, वाजतही होता. आम्हाला ते नोटिफिकेशन वाटलं.

दादाने तीन महिन्यांनी राजीनामा दिला. कंपनीचा निरोपाचा मेल आला. ‘अमूल्य योगदान’, ‘समर्पण’, ‘प्रेरणास्थान’. एकही शब्द चुकीचा नव्हता. मला जामिलाची पाटी आठवली. मी तो मेल फॉरवर्ड न करता त्याला फोन लावला. पहिल्यांदाच, काही काम नसताना. पाऊण तास बोललो. मुलीच्या शाळेबद्दल, आहारातून बाद झालेल्या वडापावबद्दल. त्या सतरा कॉलचं मी बोलले तेव्हा म्हणाला, ‘‘अगं, दिसले मला नंतर. वाटलं, च्यायला, माझ्यावाचून यांचं अडतंय! बरं वाटलं. हाच तर रोग होता ना.’’ आता तो कोल्हापुरात असतो, कॉलेजात शिकवतो आणि संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो.

मार्च २०१९ मध्ये बुचो-सान निवृत्त होणार होते. मी २०१८ च्या अखेरीसच पुण्याला परत यायला निघाले, म्हणून त्यांनीच मला करी राइस खायला नेलं. चौतिसाव्या भागात एक धमाल प्रसंग आहे. हायाता करी खाता खाता राक्षसाकडे धावतो आणि घाईघाईत कॅप्सूलऐवजी चमचाच वर धरतो! जपानात हा प्रसंग लहानथोर सगळ्यांना ठाऊक. बुचो-सान, ज्यांना मी दीड वर्षात मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, ते भर हॉटेलात उभे राहिले आणि त्यांनी चमचा उंच धरला. काहीच झालं नाही, अर्थात. ते खाली बसले. म्हणाले, ‘‘बाबांना मी हे करून दाखवायचो. ते जागे असले तर हसायचे.’’

त्सुबुराया १९७० मध्ये हृदयविकाराने गेले, वयाच्या ६८ व्या वर्षी. त्यांचा अल्ट्रामॅन मात्र थांबला नाही. १९७१ पासून नवनव्या मालिका येत राहिल्या. २०२२ मध्ये शिंजी हिगुची दिग्दर्शित ‘शिन अल्ट्रामॅन’ हा सिनेमा आला. लेखन हिदेआकी आन्नो यांचं. त्यात नारितांच्या मूळ मनाप्रमाणे छातीवर दिवा ठेवलेला नाही. दिसायला फारच देखणा. पण मला चुकल्यासारखं वाटलं. दिवा असलेला बरा. निदान दुसऱ्यांना दिसतो.

माझ्या पुण्याच्या डेस्कवर पेनस्टँडमध्ये एक स्टीलचा चमचा आहे. टीममधली नवी पोरं विचारतात, मॅडम, हा कशाला? मी सांगते, इमर्जन्सीसाठी. आणि ज्या दिवशी कुणाचा तरी चेहरा ओढलेला दिसतो, त्या दिवशी तो उचलून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवते. अर्थ सगळ्यांना ठाऊक झालाय. चमचा आला की लॅपटॉप बंद करून घरी जायचं. काम आम्ही बाकीचे बघतो.

कुठून सुरू कराल?

३९ भाग बघायला वेळ नाही? हे सहा बघा.

भाग २ : बाल्टान. हसणारा खेकडा, आणि घर हरवलेल्या दोन अब्ज जिवांचा प्रश्न.

भाग २३ : जामिला. रुमाल जवळ ठेवा.

भाग ३३ : मेफिलास. याला मारामारी आवडत नाही. एका शाळकरी पोराला गोड बोलून एवढंच म्हणतो, की ‘पृथ्वी तुम्हाला देतो’ असं म्हण. पोरगं ऐकत नाही! पथकातली एकमेव मुलगी फुजी (हिरोको साकुराई) याच भागात इमारतींएवढी उंच होते. ‘शिन अल्ट्रामॅन’मधला मेफिलास तर सूट घालून व्हिजिटिंग कार्ड देतो आणि हॉटेलचं बिल निम्मं-निम्मं करायला सांगतो. ओळखीचा वाटेल.

भाग ३४ : चमचावाला.

भाग ३७ आणि ३९ : एका बैठकीत. शक्यतो रविवारी, संध्याकाळी सात वाजता.

आणि हो, मारुतीरायाही! १९७४ मध्ये थायलंडमध्ये एक सिनेमा निघाला. त्यात चोरांच्या हातून मेलेल्या एका मुलाला अल्ट्रामॅन मंडळी हनुमान करून परत आणतात, आणि मग हनुमान आणि अल्ट्रा बंधू मिळून राक्षसांना लोळवतात. त्या थाई निर्मात्याने पुढे अल्ट्रामॅनच्या परदेशातल्या हक्कांवर दावा सांगितला आणि वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात निकाल त्सुबुराया कंपनीच्या बाजूने लागला. तीन मिनिटांत राक्षस लोळवणाऱ्या हीरोलाही कोर्टात मात्र तारीख पे तारीख!